खेकडा एक, रीती अनेक: पालघर ते गोवा आणि घाटमाथा (प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२४)

१६ जून २०२४

पहिलं काम नावांचं. पालघर-मुंबई-रायगडात चिंबोरी, सिंधुदुर्ग-गोव्यात कुर्ली, घाटावर खेकडा, आणि ठाणे-रायगडच्या शेतात पहिल्या पावसाला निघतो तो मुठा. शब्द बदलला की फक्त बोली बदलते असं नाही, बऱ्याचदा जनावरही बदलतं. म्हणून या नोंदींत पाण्यावरून तीन गट केले आहेत:

खाडीचा: काळपट-हिरवा, जाड पाठीचा, जड डेंग्यांचा, म्हणजे पुढच्या नांग्यांचा (सिला सेराटा आणि त्याचा धाकटा भाऊ सिला ऑलिव्हेशिया). तिवरांच्या चिखलात बिळं करून राहतो.

समुद्राचा: पातळ कवच, रुंद पाठ, शेवटचे पाय वल्ह्यासारखे चपटे. पाठीवर तीन तांबडे ठिपके असतील तर पोर्ट्यूनस सँग्विनोलेंटस, क्रूस दिसला तर कॅरिब्डिस फेरियाटा. शेवटचे पाय खाडीच्याचेही चपटेच असतात, तेव्हा पायांवरून ओळखू नये. पाठीचा रंग आणि जाडी बघावी.

गोड्या पाण्याचा: ओढे, नद्या, भाताचे बांध. घाटातला मोठा काळा-जांभळा बहुधा बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस. एक नग ४०-६० ग्रॅमचा, मांस नावापुरतं.

सध्या यांत्रिक बोटींची मासेमारी बंद आहे (१ जून ते ३१ जुलै), त्यामुळे समुद्राचा खेकडा ऑगस्टनंतर. तोवर खाडी आणि ओढे.

२३ जून २०२४: निवड

परवा वटपौर्णिमा होती. बाजारात जो तो सांगतो, पौर्णिमेचा खेकडा पोकळ, अवसेचा भरलेला. खाडीचे ६ नग घेतले (२५० ते ४०० ग्रॅम). उकडून फोडल्यावर ३ पाणचट निघाले. ५ जुलैच्या अवसेला पुन्हा ६ घेऊन तुलना करायची. बारा नगांवरून सिद्ध काहीच होणार नाही, पण निवडीची खूण तपासून होईल.

पोकळपणाचं खरं कारण कात. कवच टाकल्यावर खेकडा पाणी पिऊन फुगतो आणि नवं कवच मोठ्या मापाचं करून घेतो. आत मांस भरायला पुढे काही आठवडे जातात. या काळातला खेकडा दिसायला मोठा, पाठ स्वच्छ चकचकीत, हातात घेतला की हलका. जुन्या कवचावर डाग असतात, कधी शिंपले चिकटलेले असतात, डेंग्यांचे दात झिजलेले असतात. तो घ्यावा. देखणा खेकडा नेमका टाळायचा, हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड जातं.

खूण: खेकडा उलटा धरून पोटाच्या कडेला, मागच्या पायांजवळ अंगठ्याने दाबायचं. दबला तर सोडून द्यायचा. त्या तीन पोकळांपैकी दोन इथेच कळले. तिसरा कडक होता तरी आत पाणी निघालं, म्हणजे दाबून बघणं आणि वजन दोन्ही हवं.

नर-मादी: पोटाखालचं झाकण निमुळतं तर नर, रुंद गोल तर मादी. डेंग्यांचं मांस हवं तर नर, लाख (आतला केशरी गोळा) हवी तर मादी. झाकणाबाहेर अंड्यांचा पुंजका लोंबत असेल ती मादी घेऊ नये. त्या अंड्यांना चव नसते आणि पुढची पैदास जाते.

तोलताना दोरी बघावी. ओला, जाड काथ्या वजनात मोजला जातो. एका नगावरची दोरी सोडून तोलली तर ३५ ग्रॅम भरली.

३० जून २०२४: सफाई

मेलेला खेकडा घ्यायचा नाही, हा नियम चारही भागांत सारखा. मेल्यावर पोटातल्या पाचकग्रंथीचे रस मांसात उतरतात, मांस पिठूळ होतं आणि अमोनियाचा दर्प येतो. बर्फात ठेवून हे थोडं लांबतं, थांबत नाही.

जिवंत खेकडा थेट उकळत्या पाण्यात टाकला की तो स्वतःच पाय झटकून टाकतो. सांध्यातून पाणी आत जातं आणि मांस फिकं होतं. आधी बर्फ-पाण्याच्या काल्यात ३० मिनिटं ठेवावा. उष्ण पाण्यातला जीव असल्याने सुन्न होतो. हालचाल पूर्ण थांबल्यावर उलटा करून झाकण उचलायचं, त्याखालच्या खळग्यात टोकदार सळई घालायची. मग पुढचं काम.

क्रम असा ठरला. दोरी न सोडता ब्रशने चिखल घासायचा, विशेषतः पायांच्या बगला. डेंगे पिळून काढायचे, मग पाय. झाकण मोडून पाठ मागून वर उचलायची. करड्या, पिसांसारख्या कल्ल्यांच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी ओढून काढायच्या. डोळ्यांमागची छोटी पिशवी (पोट) काढायची, वाळू असते ती तिथेच. पेंदा, म्हणजे मधला भाग, उभा दोन तुकडे. पाठ उघडल्यावर नळाखाली धरायचं नाही, लाख वाहून जाते. पहिल्या खेपेला हेच झालं आणि दोन माद्यांची लाख मोरीत गेली.

डेंगे फडक्यात गुंडाळून वरवंट्याचा प्रत्येक पेराला एकच ठोका, तडा जाईल इतकाच. चेचले तर कवचाच्या कपच्या रश्शात उतरतात आणि खाणारा ताटावरून उठतो.

७ जुलै २०२४

अवसेच्या ६ नगांत १ पोकळ. आकडे लोकांच्या म्हणण्याच्या बाजूचे आहेत, पण यावेळी निवडणारा हातही सरावलेला होता. खूण वापरावी, तिथीवर विसंबू नये.

१४ जुलै २०२४: मुठे आणि घाटावरचा रस्सा

इथे पदार्थाचा कणा मांस नाही, रस आहे. ५० ग्रॅमच्या खेकड्यात चिमूटभर मांस, ते काढत बसायला वेळ कुणाकडे? म्हणून सातारा-कोल्हापूर, मावळ, इगतपुरी, अकोले, सगळीकडे लहान पाय (आणि लहान नग असतील तर पेंदेही) कुटतात, पाणी घालून गाळतात आणि त्या राखाडी पाण्याचा रस्सा करतात.

चाचणीचं प्रमाण: १२ खेकडे (साधारण ६०० ग्रॅम). पाय आणि सहा पेंदे २ वाट्या पाण्यात मिक्सरला थांबून थांबून ३ वेळा फिरवले, सुती कापडातून दोनदा गाळले. स्टीलच्या गाळणीने भागत नाही, कवचाची भुकटी खाली जाते आणि शेवटचा घास किरकिरतो. वाटण: १ कांदा व पाव वाटी सुकं खोबरं भाजून, १० पाकळ्या लसूण, कोथिंबीर. कांदा-लसूण मसाला ३ चमचे. दाटपणाला भाजलेल्या हरभरा डाळीचं पीठ २ चमचे.

काय बिघडलं: रस फोडणीत एकदम ओतला. तापल्याबरोबर त्यातली प्रथिनं गोठली, वर गुलाबी-तपकिरी साय आली, खाली पाणी राहिलं. चव वाईट नव्हती पण रस्सा फाटलेला दिसला. दुसऱ्या खेपेला डाळीचं पीठ गार रसातच कालवलं, वाटण परतून त्यात कपभर कोमट पाणी घातलं, मग रस बारीक धारेने, मंद आचेवर, सतत ढवळत. उकळी फुटेपर्यंत डाव थांबवायचा नाही. रस्सा एकजीव झाला. उकळी आल्यावर उरलेले पेंदे व डेंगे टाकून १५ मिनिटं खळखळ.

ही खळखळ चवीसाठी नाही. गोड्या पाण्याच्या खेकड्यात पॅरागोनिमस या फुफ्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात. ईशान्य भारतात त्याचे रुग्ण आढळतात, खोकल्यातून रक्त पडतं आणि क्षय समजून औषधं चालू होतात. सर्दी-खोकल्याला खेकड्याचा रस द्यायची घाटावर पद्धत आहे. तो उकळलेलाच द्यावा. दुसरा धोका पाट्याचा: कच्चा खेकडा कुटलेल्या पाट्यावर लगेच चटणी वाटली तर शिजवण्याचा सगळा उपयोग गेला. पाटा, वरवंटा, मिक्सरचं भांडं, कापड, हात, सगळं गरम पाणी आणि साबणाने.

सोबत: देशावर ज्वारी-बाजरीची भाकरी कुस्करून, मावळात आणि खाली ठाणे-रायगडात तांदळाची भाकरी. मुठ्यांचा रस्सा घट्ट भाताबरोबर जमत नाही, भात रस पिऊन टाकतो.

४ ऑगस्ट २०२४: भरलेल्या चिंबोऱ्या

आज आखाडातली अवस. बंदी उठून चार दिवस झाले, उद्या श्रावण लागतो. बाजारात भाव विचारायची सोय नाही, ठरवलेल्या ८ ऐवजी ४ माद्या मिळाल्या.

आगरी-कोळी घरांतला हा पदार्थ खाडीच्या चिंबोरीच्या खोलगट पाठीवर उभा आहे. ३०० ग्रॅमच्या ४ माद्यांसाठी: बेसन १०० ग्रॅम, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण ३ मोठे चमचे, आगरी-कोळी मसाला २ चमचे, हळद, चिंचेचा कोळ १ चमचा, तेल १ मोठा चमचा, मीठ, आणि आतली लाख. पाणी घालायचं नाही, लाख आणि चिंचच पिठाला पुरते. सारण मऊ, हाताला किंचित चिकटणारं. पाठीत आणि पेंद्याच्या खाचांत भरून पाठ जागेवर बसवायची आणि सुती दोऱ्याने अधिकच्या चिन्हासारखी बांधायची.

पहिल्या दोन नगांत कच्चं बेसन दाबून भरलं. शिजल्यावर मधोमध पिवळा कच्चा गोळा, घशाला धरणारा, आणि फुगून एकाची पाठ उचलली. पुढच्या दोनांत बेसन ५ मिनिटं मंद आचेवर कोरडं भाजून घेतलं आणि जागा पाऊणच भरली. जमलं. आधी तेल-लसणीच्या फोडणीत कोरड्याच ठेवून, झाकण मारून ८ मिनिटं वाफ, म्हणजे सारण बांधलं जातं. मगच लहान पायांचा गाळलेला रस आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, आणि १५ मिनिटं. वाफेआधी रस घातला तर सारण विरघळून रश्शाचं पिठलं होतं. ज्यांना ते आवडतं त्यांनी खुशाल करावं, पण मग दोरा बांधायचे कष्ट कशाला?

नायलॉनचा दोरा वापरू नये. वितळू शकतो.

५ ऑगस्ट ते २१ सप्टेंबर

श्रावण, गणपती. प्रयोग बंद, लेखन चालू.

२२ सप्टेंबर २०२४: मालवणी कुर्ल्या

पितृपक्ष सुरू असल्याने दोन घरांनी चाखायला नकार दिला, उरलेल्यांत काम भागवलं.

इथे जोर वाटपावर (वाटणावर). १ किलो कुर्ल्यांना (खाडीच्या, ४ नग) अर्धा मोठा नारळ खवून आणि २ कांदे उभे चिरून, दोन्ही वेगवेगळे भाजायचे. एकत्र भाजले तर कांद्याच्या पाण्याने खोबरं शिजतं, भाजत नाही. खोबरं तपकिरी झालं की लगेच ताटात काढायचं. गरम कढईत राहिलं तर मिनिटभरात काळं पडतं आणि कडवटपणा कशानेही झाकत नाही. मालवणी मसाला ३ चमचे, आलं-लसूण, हळद, शेवटी ३ सोलं.

शिजवण्याचा क्रम: डेंगे आधी, ५ मिनिटांनी पेंदे, पाठी अगदी शेवटी. सगळं एकदम टाकलं तर डेंगे शिजेपर्यंत पेंद्याचं मांस तंतू सोडतं. उकळीपासून एकूण १५ मिनिटं. वर तवंग यायला हवा. वाटप पुरेसं परतलं नाही तर तो येत नाही आणि रस्सा कच्चट लागतो.

तिरफळ: अर्ध्या भागात ४ टाकली. जीभ बधिर झाली आणि कुर्लीचा गोडवा गेला. तिरफळ बांगड्याची. बांगड्याचा उग्र वास ती मारते, कुर्लीत मारण्यासारखं काही नसतं. कोकमाचंही तेच, तीन सोलांची पाच झाली की कुर्ली आणि कोलंबी यांत फरक कळत नाही.

सुकं हवं तर वाटप तेवढंच, पाणी फक्त पाव वाटी. ते घावण्याबरोबर. रस्सा वड्यांबरोबर किंवा उकड्या तांदळाच्या भाताबरोबर. हा भात मोकळा आणि दणकट, रस्सा लगेच पीत नाही.

१३ ऑक्टोबर २०२४: गोवा, शेक-शेक (कुर्ल्यांचं दाट कालवण)

समुद्राच्या कुर्ल्या १ किलो (७ नग). पातळ कवच, त्यामुळे डेंगे ठेचायची गरज नाही, दाताने फुटतात. वाटणात खोबऱ्याबरोबर मसालेही भाजून घेतात: अर्ध्या नारळाला धणे १ मोठा चमचा, मिरी १०, लवंगा ४, दालचिनी बोटाच्या पेराएवढी, सुक्या मिरच्या ७, हळद, आणि सुपारीएवढी चिंच. खोबरं मालवणपेक्षा फिकं, बदामी रंगावर थांबवायचं. मालवणीत मसाल्याची तयार पूड नंतर पडते, इथे मसाला खोबऱ्याच्या तेलात भाजला जातो. वास वेगळा येतो तो त्यामुळे. दोन्हींत खोबरं, मिरची आणि आंबट असूनही कुणीही डोळे मिटून ओळखेल.

शिजायला ८-१० मिनिटं पुरतात. चाचणीत १५ ठेवल्या, मांस कवचाला चिकटून कोरडं झालं. रस दाट, कुर्लीला माखून राहील इतकाच. ख्रिस्ती घरांत पावाबरोबर, हिंदू घरांत भाताबरोबर आणि आंबटाला बऱ्याचदा सोलं.

क्रूसवाली कुर्ली यांत एक आली. मोलुका बेटांजवळ संत फ्रान्सिस झेवियरचा समुद्रात पडलेला क्रूस कुर्लीने आणून दिला, तेव्हापासून पाठीवर खूण, अशी कथा. स्वयंपाकाच्या दृष्टीने: पाठीची नक्षी शिजल्यावरही दिसते, म्हणून ताटात ती वर ठेवतात. मांस इतर समुद्राच्या कुर्ल्यांहून किंचित घट्ट.

१० नोव्हेंबर २०२४: अदलाबदल

या प्रकल्पातला सगळ्यात उपयोगी दिवस, आणि सगळ्यात वाईट जेवण. एका भागाची रीत दुसऱ्या भागाच्या खेकड्यावर लावून पाहिली.

समुद्राची कुर्ली भरून: पाठ उथळ, सारण बोटभर जाडीचं बसतं. दोरा आवळताच एक पाठ तडकली. बेसनाची चव वर, कुर्ली खाली.

खाडीच्या चिंबोरीचे सगळे पाय घाटावरच्या रीतीने मिक्सरला: कवच इतकं जाड की भांड्याचं पातं बोथट झालं आणि दोनदा गाळूनही वाळूसारखी भुकटी राहिली. फक्त शेवटचे चपटे पाय आणि पायांची टोकं सोडून मधली पेरं घेतली तर रस चांगला निघतो. ४ नगांच्या पायांना १ वाटी पाणी, याहून जास्त नाही.

गोड्या पाण्याचा खेकडा शेक-शेकमध्ये: मांसच नाही, त्यामुळे ताटात नुसतं भाजलेलं खोबरं. खोबऱ्याचं तेल रसाची मातकट, गोडसर चव पूर्ण झाकतं. घाटावर सुकं खोबरं पाव वाटीच का घालतात ते इथे कळलं.

आणि एक उलटं निघालं. मालवणी वाटपात समुद्राची कुर्ली उत्तम लागली, फक्त वेळ १५ वरून ९ मिनिटांवर आणावी लागली. म्हणजे खाडी आणि समुद्र यांतलं अंतर मसाल्यात नाही, कवचाच्या जाडीत आहे. पाककृतीच्या पानावर आता प्रदेशाच्या नावाआधी खेकड्याचा गट लिहायचा. ‘कुर्ल्या १ किलो’ एवढंच लिहिलेली पाककृती अर्धवट समजावी.

२४ नोव्हेंबर २०२४

वसई: ईस्ट इंडियन (इथल्या ख्रिस्ती समाजाचा) बाटली मसाला घालून खाडीच्या चिंबोरीचं कालवण. मसाल्यात आधीच वीसेक जिन्नस, त्यामुळे दोन चमच्यांवर जाऊ नये.

मुंबईच्या हॉटेलांतलं बटर-गार्लिक: ६०० ग्रॅमवरच्या नराशिवाय करू नये. लहान नगात लोणी कवचाला लागतं आणि बोटांना. लसूण बारीक चिरून मंद आचेवर, तपकिरी झाली की कडू.

१ डिसेंबर २०२४: ताटावर

आधी लहान पाय, गरम असताना. गार झाले की मांस आत चिकटतं आणि ओढून निघत नाही. मग पेंदा, हाताने अर्धा मोडून कप्प्याकप्प्यातून. डेंगे शेवटी, ते उष्णता धरून ठेवतात. पाठीत भात कालवून खाणं कोकणात सर्वमान्य, घाटावर कुणी केलं नाही, कारण तिथल्या पाठीत घासही मावत नाही.

वाढप्यासाठी: मोकळं ताट आणि कवचांना वेगळी वाटी प्रत्येकी. अडकित्ता चालतो, सांडशी घसरते.

ॲलर्जीबाबत पाहुण्यांना आधी विचारायचं. ‘मी नुसता रस्सा घेतो’ म्हणणाऱ्याला रस्साही द्यायचा नाही. त्रास देणारं मुख्य प्रथिन उकळून नष्ट होत नाही आणि पायांचा रस काढलेल्या रश्शात ते भरपूर असतं. तोच डाव इतर भांड्यात जाऊ देऊ नये.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी एकदाच खळखळून गरम. घाटावरचा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. शेक-शेक उतरतं.

१५ डिसेंबर २०२४: राहिलेली कामं

भरलेल्या चिंबोऱ्यांचं प्रमाण ८ नगांवर पुन्हा. ऑगस्टचे चार पुरेसे नाहीत.

पाणचट खेकडे खाडीच्या बंदिस्त तळ्यात किंवा पेटीत ३-४ आठवडे पोसून भरवतात. अशा पोसलेल्या आणि रानटी नगांचं उकडलेलं मांस तोलून तुलना करायची, दोन्ही नर, ४०० ग्रॅमच्या आसपास, दोरी सोडून.

कारवारकडची सुकी कुर्ली अजून झालेली नाही. जानेवारीत.

मिक्सरचं पातं बदलायचं.